सुडोकूच्या शेजारी बुद्धिबळाचा एक सोपा पट छापाल का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात बुद्धिबळाची बातमी आली की चहा गार झाला तरी चालतो, आधी ती बातमी. डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश अठराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग जुलै २०२५ ला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेतला आणि एकही नॉर्म (म्हणजे ग्रँडमास्टर व्हायला एरवी स्पर्धांमध्ये जी ठरावीक कामगिरी करून दाखवावी लागते ती) हातात नसताना थेट ग्रँडमास्टर झाली, देशातली ८८वी. त्या दिवशी ऑफिसात मी पेढे वाटले, लोकांना वाटलं माझ्या मुलीचं काहीतरी जमलं. तर बातम्यांबद्दल तक्रार अजिबात नाही. तक्रार अशी की हे सगळं वाचून होतं आणि रात्री जेवणं झाल्यावर मी फोनवर एक डाव खेळायला घेते आणि अकराव्या चालीला वजीर फुकट घालवते. आमच्यासारख्यांसाठी पेपरात काहीच नसतं.

आमच्यासारखे म्हणजे कोण तर मी ४७ वर्षांची, फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, मुलुंडहून स्लो लोकलने जाऊन येऊन करते. स्पर्धा जिंकायच्या नाहीत, मुलाला चॅम्पियन करायचं नाही (मुलगा क्रिकेटवाला, त्याला घोडा अडीच घरं जातो एवढंच माहीत). फक्त कालच्यापेक्षा आज थोडं बरं खेळायचंय. अशी माणसं मुंबईत किती असतील ते डब्यात आजूबाजूच्या फोनमध्ये डोकावलं की कळतं, निम्मे रील्स, उरलेल्यांत कँडी क्रश, आणि कुठेतरी एखादा पट असतोच.

खेळ मला अण्णांनी म्हणजे आजोबांनी शिकवला, गिरगावात चाळीच्या गॅलरीत, जुन्या देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर, आणि राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा, तीही त्याआधी शह बसला नसेल तरच. बुद्धिबळ खेळणाऱ्या खाडिलकर बहिणींची कात्रणं त्यांनी एका वहीत चिकटवून ठेवली होती. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली, १९८१ ला रोहिणी आशियाई चॅम्पियन झाली, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. अण्णा एक चाल करायला एवढा वेळ घ्यायचे की मी मधे जाऊन खालून दूध आणून द्यायचे. तेव्हा वैताग यायचा. आता कळतंय की अख्ख्या आयुष्यात मला मिळालेलं खरं कोचिंग तेवढंच होतं आणि मी ते दूध आणण्यात घालवलं.

लग्न, नोकरी, मुलगा, मधे वीस वर्षं पट नाही. मग लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी धरलं तसं मीही फोनवर खेळायला लागले आणि तिथेच माती खाल्ली. तीन मिनिटांचा डाव! दोघांनाही तीन-तीन मिनिटं, गाडीत उभ्याने, एका हातात वरची कडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चाली, घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत घुसली की अंगठा घसरतो आणि हत्ती भलत्याच घरात जाऊन बसतो. चारेक वर्षांत किती हजार डाव झाले असतील देव जाणे. रेटिंग (म्हणजे आपण किती बरं खेळतो त्याचा आकडा) ९०० च्या आसपास, वर पन्नास खाली पन्नास. मला वाटायचं एवढं खेळतोय म्हणजे सुधारणा आपोआप होईल, रोज भाजी चिरली की हात बसतो तसं. नाही होत. घाईघाईत खेळल्याने घाईच पक्की होते, त्याच त्या चुका आपण पाठ करत बसतो.

मग ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींच्या, मागे लागले. ‘या सापळ्यात समोरचा दहा चालींत खलास’ असे व्हिडिओ बघितले, एका ठिकाणी पैसे भरून कोर्ससुद्धा घेतला (कितीला ते आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही). गंमत अशी की आमच्या लेव्हलचा माणूस पुस्तकातली चाल खेळतच नाही हो! मी पाठ केलेल्या आठ चाली, आणि तो तिसऱ्यालाच कडेचं प्यादं ढकलून मोकळा. मग मी बसते विचार करत, की आता हे चांगलं झालं की वाईट.

क्लासलाही फोन करून बघितला. पलीकडून पहिला प्रश्न, “मुलगा कितवीत आहे?” म्हटलं मुलगा नाही, मीच यायचं म्हणतेय. थोडा वेळ आवाजच नाही. मग “मॅडम, तुमच्यासाठी बॅच नाहीये, तुम्ही यूट्यूब बघा ना.” नाव घेत नाही, चांगले लोक असतील, पण चाळिशीनंतर माणूस नवीन काही शिकूच शकत नाही असं यांना कोणी सांगितलं?

फरक पडला तो एका वहीमुळे, आणि ती आयडियाही माझी नाही, ऑफिसातल्या एका रिटायर होत आलेल्या सरांची. ते म्हणाले, हरलेला प्रत्येक डाव वहीत एका ओळीत लिहायचा, की नेमका कुठे गेला. आणि आधी स्वतः शोधायचं, कॉम्प्युटरला नंतर विचारायचं. मी चाळीस डाव लिहिले. ओपनिंगमुळे हरलेले दोन. बाकी बहुतेक सगळ्या ओळी जवळजवळ सारख्याच, ‘उंटाला जोर (म्हणजे मागून आपल्याच मोहऱ्याचं संरक्षण) नव्हता, बघितलंच नाही’, ‘त्याने घोडा का हलवला ते बघितलं नाही’, ‘राजासमोरची तिन्ही प्यादी जागच्या जागी, मागच्या ओळीत हत्ती घुसला, मात’. सारखं बघितलं नाही, बघितलं नाही. म्हणजे मला येत नव्हतं अशातला भाग नाही, मी बघतच नव्हते.

तेव्हापासून एकच सवय लावायचा प्रयत्न करतेय. समोरच्याची चाल झाली की आधी त्याच्या चालीकडे बघायचं. तो आता कशावर आला, आणि तिथून उठल्यामुळे मागचं काय मोकळं झालं. मग माझं कुठलं मोहरं बिनजोर आहे. मग शह कुठे आहेत, मार कुठे आहेत, माझेही आणि त्याचेही. वाचायला अगदी बालवाडी वाटतं पण तीन मिनिटांच्या डावात हे होणंच शक्य नाही, म्हणून ते डाव बंद केले. आता रात्री एकच डाव, पंधरा मिनिटांचा आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा मिळतात तो. लागोपाठ दोन हरले की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, कारण तिसरा डाव बुद्धिबळाचा नसतो, सुडाचा असतो.

आणि गाडीत डाव नाही, गाडीत फक्त कोडी. कोड्याला घड्याळ नसतं, धक्का लागला तर लागला, पट जागेवरच असतो. लीचेस नावाच्या बुद्धिबळाच्या साइटवर ही कोडी फुकट आहेत, जाहिरातीही नाहीत, डाव तपासून देणारा स्टॉकफिश नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रामही तिथे फुकट, मग मी त्या कोर्सला पैसे का भरले हे विचारू नका. कोडी मुद्दाम सोपी घेते. पूर्वी अवघड घ्यायचे आणि अंदाजपंचे चाल ठोकायचे, लागली तर लागली. आता मुलुंडला एक लावलं की शेवटपर्यंत मनात सोडवल्याशिवाय बोट लावायचं नाही, मग भांडुप जाऊ दे नाहीतर विक्रोळी. एका घोड्याने राजा आणि वजीर दोघांवर येणं, राजापुढे अडकून पडलेलं मोहरं (यालाच पिन म्हणतात), मागच्या ओळीतली मात, असे दहा-बाराच प्रकार फिरून फिरून येतात. दोनशे-तीनशे कोडी झाली की डावात ते आपोआप दिसायला लागतात, गर्दीत ओळखीचा चेहरा दिसतो तसे.

तिसरी गोष्ट शेवटाचा खेळ. सगळे कंटाळतात, मीही कंटाळायचे. पण गुकेशची मॅच शेवटी कशावर सुटली आठवतंय का? चौदावा डाव, गुण ६.५-६.५, समोरचा डिंग लिरेन एक प्यादं कमी असूनही बरोबरीकडे चाललेला आणि ५५व्या चालीला त्याने हत्तीला हत्ती मारामारी देऊ केली. हत्ती गेले, मग कोपऱ्यात अडकलेल्या उंटाचीही मारामारी गुकेशने लावून दिली, आणि उरले राजे आणि प्यादी. तो शेवट डिंगसाठी हरलेला होता. वर्ल्ड चॅम्पियनशिप राजा-प्याद्याच्या खेळावर ठरते आणि आपण तोच सोडून सापळे पाठ करतो! माझ्यासारखीला त्यातल्या तीन-चार गोष्टी पुरतात. उदाहरणार्थ एकटं सुटलेलं प्यादं धावतंय, माझा राजा त्याला गाठेल का, हे एकेक घर मोजायचं नसतं, प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत जेवढी घरं तेवढाच एक चौकोन मनात काढायचा, आपल्या चालीला राजा चौकोनात शिरला की प्यादं हातात आलं. किंवा दोन राजे समोरासमोर, मधे एकच घर, तर ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं. जिन्यात दोन बायका समोरासमोर आल्यावर होतं तेच. एवढ्यावर मी तीन हरलेले डाव बरोबरीत आणलेत.

वर्षभरात ९०० चे साडेबाराशे झाले. हसू नका, ग्रँडमास्टरला हा आकडा म्हणजे काहीच नाही, आणि फिडेने (बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने) तर मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादाच हजारावरून १४०० वर नेली, म्हणजे त्यांच्या हिशोबात आमच्यासारखे अजून जन्मालाच आलेले नाहीत. तो आकडा ऑनलाइनपेक्षा वेगळा असतो हेही मला माहीत आहे. पण मला डाव संपल्यावर आता सांगता येतं की काय झालं, पूर्वी नुसतं ‘हरले’ एवढंच कळायचं.

उपनगरात एक दिवसाची एक स्पर्धाही खेळून आले. सात डाव, दीड गुण. दुसऱ्या फेरीत समोर नऊ वर्षांचा मुलगा, गळ्यात वॉटरबॅग, पाय जमिनीला टेकत नव्हते. तो चाल करून उठायचा आणि बाकीचे पट बघत फिरायचा, मी इकडे घाम पुसतेय. हरल्यावर हात मिळवला आणि म्हणाला, “काकू, तुमचा घोडा पिन होता, तुम्ही त्याला अजून एक जोर द्यायला हवा होता.” बरोबर होतं त्याचं. वाईट एका गोष्टीचं वाटलं, की खेळणाऱ्या मोठ्या माणसांत आम्ही तिघं-चौघंच, बाकी सगळे आईबाप बाहेर जिन्यात बसून होते आणि त्यातल्या कितीतरी जणांना खेळता येत होतं, विचारलं मी. “आता आमचं काय वय राहिलंय” हे उत्तर देणारा बाप माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान होता.

आता मुद्द्यावर येते. सुडोकू रोज असतो, शब्दकोडं असतं, राशिभविष्य तर असतंच. त्याच पानावर रोज एक छोटा पट छापाल का? पण मेहरबानी करून ‘पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात’ वगैरे पंडिती नको, ती सोडवताना आम्ही दादरपर्यंत डोकं खाजवतो आणि मग पान उलटतो. साध्या माणसांच्या साध्या डावांतली स्थिती द्या, प्रश्नही साधा, काय फुकट आहे, काय बिनजोर आहे, समोरच्याने आत्ताची चाल का केली. आणि उत्तर दुसऱ्या दिवशी नुसत्या चाली देऊन नको, दोन ओळी मराठीत लिहा की बाकीच्या चाली का चुकतात. हत्ती, उंट, प्यादं, जोर, मारामारी, शब्द सगळे आपल्याकडे आहेतच, आमच्या अण्णांना एकही इंग्रजी शब्द लागला नाही. वाचकांकडूनच डाव मागवा, चुकांचा स्टॉक कधी संपणार नाही याची मी गॅरंटी देते.

नमुना म्हणून माझ्याच डावातला एक शेवट पाठवतेय, सोपा व्हावा म्हणून बाजूची प्यादी काढून टाकलीत. पांढरा (म्हणजे मी): राजा जी१, हत्ती सी१, घोडा ए४, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, हत्ती डी८, उंट सी५, प्यादी एफ७, जी७, एच७. चाल पांढऱ्याची. काळ्याचा उंट बिनजोर आहे, तो हत्तीनेही मारता येतो आणि घोड्यानेही. कोणी मारायचा?

मी हत्तीने मारला होता, कुर्ला आणि शीवच्या मधे, उभ्याने. उत्तर तुम्ही दुसऱ्या दिवशी छापा.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)