सोमवारपासून मावशी येतील

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की आई "ठेव, कुकर झाला" म्हणते, म्हणून लिहिते आहे. सोमवारपासून स्वयंपाकाला मावशी येतील. गोकुळपेठेत आत्याकडे करतात त्याच. पहिल्या महिन्याचे पैसे देऊन झालेत, तेव्हा 'कशाला' नको.

आता हे एकदम काहून, तर ऐका. शनिवारी माझ्या मैत्रिणीने, आपल्या डॉक्टरीणबाईंनी, पार्टी दिली, मुंबईत महालक्ष्मीच्या 'मास्क' रेस्टॉरंटमध्ये. तिथे आपण काही निवडायचं नसतं. काय चालत नाही ते आधीच विचारून घेतात; मग ते देतील ते, देतील त्या क्रमाने. दहा पदार्थ, एकेक दोन घासांचा. बाबा, तुम्हाला डॉक्टर सांगतात ना, थोडं थोडं खा, तेच. फक्त बिल वेगळं. (विचारू नका. तिने दिलं.) लडाखच्या सी बकथॉर्न नावाच्या आंबट फळाचं काहीतरी होतं, संत्र्याच्या रसात कैरी पिळल्यासारखं. ते फार आवडलं. एका बशीत मात्र एक पान होतं आणि त्याची माहितीच जास्त.

पण बसल्या जागी गरम गरम येत होतं, तीन तास कुणी उठलं नाही. बोलता बोलता आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला. बाईंनी चमचाच खाली ठेवला. सकाळी किती वेळ आखडतात? चढताना दुखतात की उतरताना? शेजारच्या टेबलाला वाटलं असेल, ओपीडी सुरू झाली. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, नागपूरच्या मे महिन्यात काकू ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या कशाला राहतात? याचंही नाही.

आई, तुझा स्वयंपाक कुणी काढून घेत नाहीये गं. मावशी पोळ्या, भाजी, वरण-भात तेवढं करतील. सांबारवडी तुझीच. रविवारचा वडाभात आणि त्यावरचं हिंगाचं तेलही तुझंच. भाजीत गूळ नको, बाबांना रात्री ज्वारीची भाकरी, सगळं सांगून ठेवलंय. शाळेतून आले की तू तूप-साखरेची पोळी गुंडाळून द्यायचीस, "बाबांना सांगू नकोस" म्हणून. त्यांना माहीत होतं. अर्धी तेच खायचे.

आता नीट वाचा. गुरुवारी साडेदहाला धंतोलीत आईची अपॉइंटमेंट आहे, डॉक्टरीणबाईंच्या सरांकडे. जुना एक्स-रे लोखंडी कपाटात, पॉलिसीच्या कागदांखाली. रिक्षाने जा, स्कूटर नको. खाली मांडी घालून भाजी निवडायची नाही, टेबलावर निवड. बाबा, कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. टेबलफॅन स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा, मावशींनाही उकडतं. आणि अकरानंतर उन्हात बर्डीच्या बाजारात कुठलंही काम नसतं.

मावशींना चहा विचार, पण मागे उभी राहून "पातळ लाट" म्हणू नकोस. पोळ्या जाड झाल्याच तर बाबांनी गुपचूप खायच्या आणि मला कळवायचं. मी बोलेन त्यांच्याशी.

तुमची,
ठकी