रतनगड ते हरिश्चंद्रगड : नकाशांबाबत सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता ठाण्यात तलावपाळीवर, गडकरी रंगायतनसमोर जमायचं आहे. मोहिमेला येणाऱ्या प्रत्येकाने यायचंच आहे. विषय एकच, नकाशे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की मोफत मिळतो. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. छापताना ‘फिट टू पेज’ करू नका, प्रमाण बिघडतं. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला असतात. त्या जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे कडा आहे असं समजा, सरळ उतरायला जाऊ नका. आपल्या वाटेवरच्या कात्राबाई खिंडीचा भाग घरीच नीट बघून ठेवा.

- प्रत्येक गटात दोन छापील प्रती, दोन वेगळ्या सॅकमध्ये.
- नकाशा प्लास्टिकच्या पाकिटात. त्या दिवसाची वाट वर दिसेल अशी घडी.
- मोबाइलवर ऑफलाइन नकाशा जरूर ठेवा, पण कागदाऐवजी नाही.
- होकायंत्र मोबाइलपासून लांब धरा.

टाक्यात यंदा पाणी आहे की आटलं, हे नकाशा सांगत नाही. ते गावात विचारूनच पुढे निघायचं.

रविवारी पेन्सिल आणि पट्टी आणा.