जुन्या गाडीचा कार्बोरेटर भंगारात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातल्या कार्बोरेटरबद्दलच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाबद्दलच्या) एका सल्ल्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या स्पोर्ट्स कारचे कार्बोरेटर त्रास देत असतील, तर ते काढून सरळ नवीन एकच कार्बोरेटर बसवावा, असे त्यात म्हटले आहे. कोल्हापुरात उद्यमनगरला आमचे गॅरेज वडिलांच्या वेळेपासून आहे. रोज कार्बोरेटर खोलणारा माणूस म्हणून सांगतो, हा सल्ला कुणी ऐकू नये.

मध्यंतरी आमच्याकडे १९६७ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली होती. या गाड्या इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत बनल्या. इंजिन १७९८ सीसी, त्याच्या बगलेला एसयू या ब्रिटिश कंपनीच्या दीड इंची कार्बोरेटरची जोडी. आपल्या ॲम्बॅसडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले, त्यामुळे आमच्या पिढीच्या मिस्त्रींना ही गाडी परकी वाटत नाही. मालकांची तक्रार अशी, की आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) एका जागी ठरत नाही, सिग्नलला गाडी बंद पडते आणि बॉनेट उघडले की पेट्रोलचा भपकारा येतो. दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपने त्यांना दोन्ही एसयू काढून एक वेबर (दुसऱ्या कंपनीचा कार्बोरेटर) टाकायला सांगितले होते.

एसयूमध्ये नेमके झिजते काय, ते आधी बघायला हवे. बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडणारी-मिटणारी गोल झडप, ज्या दांड्यावर फिरतो तो ५/१६ इंची स्पिंडल आणि त्याची बॉडीतली भोके, खरे दुखणे तिथे. दांडा बोटाने हलवला तरी खडखडतो. त्या फटीतून चोरटी हवा आत जाते आणि मग स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग लागत नाही. याला इलाज आहे. भोके रीम करायची (नीट गोल मोठी करायची), त्यांत ब्रॉन्झचे बुश (आतल्या नळकांड्या) ठोकायचे, नवा दांडा घालायचा. दोन्ही बाजूंचे बुश एका रेषेत आले पाहिजेत, नाहीतर दांडा अडकतो. उद्यमनगरात हे काम करणारे हात आजही आहेत. बटरफ्लायला दोन बारीक पितळी स्क्रू असतात, त्यांची टोके चिरलेली असतात. बसवल्यावर ती टोके फाकवावी लागतात. ज्याने फाकवली नाहीत, त्याचा स्क्रू एक दिवस सुटून थेट इंजिनात जातो.

कार्बोरेटरचा वरचा घुमट आणि त्यात हवेच्या ओढीने वर-खाली होणारा पिस्टन मात्र जोडीनेच मशीन केलेले असतात. एका कार्बोरेटरचा पिस्टन दुसऱ्याच्या घुमटात कधीही घालू नये. हवेची भोके बुजवून घुमट उलटा धरला की तो पिस्टनवरून ५ ते ७ सेकंदांत खाली सरकला पाहिजे. या गाडीचे दोन्ही घुमट या परीक्षेत पास झाले. इतक्या वर्षांनंतर! असली वस्तू भंगारात कशी घालायची?

आता इथेनॉलचे. त्याचा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. जुने रबर त्याने फुगते, कडक होते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की इथेनॉल पाणी ओढून घेते आणि फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) तळाशी गाळ धरतो. या गाडीतला पेट्रोलचा वास वाटी भरली की पेट्रोल थांबवणारा नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नसल्यामुळे येत होता. व्हिटॉन या खास रबराच्या टोकाचा नवा नीडल व्हॉल्व्ह, नवे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी), नवी पॅकिंग आणि इथेनॉल सोसणारे होज घातले की हा प्रश्न सुटतो. शिवाय नुसत्या पेट्रोलला १ भागास १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर हे सांगतो, कार्बोरेटरला कोण सांगणार? मिस्त्रीनेच जेट थोडे खाली उतरवून पेट्रोल वाढवून द्यायचे असते. मग पिस्टन त्यासाठीच दिलेल्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) क्षणभर वाढून परत ठरले तर मिश्रण बरोबर. वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त, पडले तर कमी. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, हे कानाला रबरी नळी लावून फुसफुशीवरून जुळवायचे.

नवीन वेबर बसवला तरी त्याला पेट्रोल याच पंपावरचे मिळणार आणि जेटिंग पुन्हा करावेच लागणार. वर मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळ्या) बदलायचे ते वेगळेच. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हीए (व्हिंटेज) मालिकेचा नंबर देण्याची सोय झाली, पण गाडी मूळ स्वरूपात असावी ही अट आहे. मालकांनी हेही लक्षात घ्यावे.

माझी तक्रार सरकारकडेही आहे. व्हिंटेज नंबरची गाडी पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते, असे नियमच सांगतो. मग प्रत्येक जिल्ह्यात निदान एका पंपावर इथेनॉल नसलेले पेट्रोल ठेवावे. दर जास्त लावला तरी हे मालक देतील. आणि आयटीआयच्या मुलांच्या हातात दरवर्षी एखादा जुना कार्बोरेटर खोलायला द्यावा. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर गेला, त्यामुळे आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनी तो कधी हाताळलेलाच नसतो. हवे असतील तर आमच्या शेल्फवरचे दोन-चार मी आनंदाने देईन, आणि शिकवायलाही येईन.

आपला,
एक गॅरेजवाला, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर