आर्टची डिग्री, पण वीस लाखाची?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या करिअरच्या पानावर डिझाइन आणि ॲनिमेशनला किती स्कोप आहे ते वाचलं. पान उलटलं तर मागच्या बाजूला एका डिझाइनवाल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची अर्धं पान जाहिरात. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, पेपरला जाहिरात लागतेच, माझं दुकान पण लोकांच्या जाहिरातीवरच चालतं. पण माझी पोरगी बारावीला आहे आणि ते पान कापून तिनं कपाटाच्या दाराला चिकटवलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी चाळीसगावला पेंटर. तीस वर्षं झाली. आधी ब्रशनं बोर्ड, शाळेच्या भिंती, ट्रकच्या मागचं लिखाण, मग फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यात गेले, तर मी कोरल (कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) शिकलो आणि आता डिझाइन इथं करतो, प्रिंट जळगावहून मारून आणतो. एटीडी केलेलं आहे, म्हणजे चित्रकलेचा मास्तर व्हायचा कागद आहे, मास्तरकी काही मिळाली नाही. सांगायचं एवढंच की मी आर्टच्या विरोधातला बाप नाहीये, ज्या घरात चूलच रंगावर पेटली तिथं कोण विरोध करणार.

पोरगी दुकानातच वाढली. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड आहे, त्याचे दहावीला 7 मार्क वाढून मिळाले. पण मार्काचं सोडा. एकदा किराणा दुकानाचा बोर्ड स्क्रीनवर लावून बसलो होतो, ती मागून जाता जाता म्हणे, पप्पा, या ळ चं पोट बसलंय. बघतो तर खरंच, फॉन्टमधला ळ चेपलेला होता, गिऱ्हाइकाला कधी कळलं नसतं. मी तिला सुतळी निळीत बुडवून भिंतीवर रेघ कशी मारायची ते शिकवलं, अक्षर शिरोरेघेला लटकतं, खालच्या रेघेवर उभं राहत नाही हे शिकवलं. पण तिला माणसाचे हात काढता येत नाहीत. आणि इथं माझी विद्या संपते, कारण मलाही येत नाहीत. मी आयुष्यभर नेते रंगवले, नेते कायम हात जोडून उभे, तेवढा एकच हात मी पाठ केलेला. समोर मॉडेल बसवून रोज चार-चार तास स्केचिंग, चूक दाखवणारा मास्तर, आपल्यापेक्षा भारी काढणारी शेजारची पोरं, हे कॉलेजातच मिळतं, यूट्यूबवर नाही मिळत. म्हणजे कॉलेज पाहिजेच.

पण मग ती जाहिरातवाली युनिव्हर्सिटी. फोन लावला, मॅडम फार गोड बोलल्या. वर्षाला 4 लाख फी, हॉस्टेल-मेस दीड लाख, पहिल्याच वर्षी लाखाचा लॅपटॉप. चार वर्षांचे धरा 23 लाख. मुलींना फी माफ आहे ना हो, असं विचारलं तर म्हणे, ते आमच्याकडं लागू नाही सर, एज्युकेशन लोन करून देऊ. (सरकारची 2024 ची मुलींच्या फी माफीची योजना खाजगी विद्यापीठांना लागू नाही, हे आमच्याकडं निम्म्या पालकांना माहीतच नाही. ॲडमिशन घेऊन बसल्यावर कळतं.)

लोनचा हिशोब मी कॅल्क्युलेटर घेऊन केला, तुमच्या करिअरवाल्या पानावर तो कुठंच नव्हता. समजा 10 लाखच काढलं, 11 टक्क्यानं, 10 वर्षांसाठी. हप्ता 13,775 रुपये. पण हे कधी, तर शिकताना दर महिन्याचं व्याज भरत राहिलं तर. कोर्सची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नसतो म्हणून सगळे खुश असतात, व्याज मात्र चालूच असतं. दरवर्षी अडीच लाख उचलले तर तेवढ्या काळात पावणेचार लाखाच्या वर व्याज साठतं, ते मुद्दलात गेलं की हप्ता एकोणीस हजारावर जातो. आणि हे 10 लाखाचं झालं, उरलेले 13 लाख कुठून आणायचे ते वेगळंच. माझी आई खाटेवरून ऐकत होती, ती म्हणे, पोरले शिकाड, पन वावर इकू नको.

हे मी हवेत बोलून नाही राहिलो. माझ्या मोठ्या भावाचा पोरगा असाच पुण्याकडं ॲनिमेशनला गेला, कॉलेजचं नाव घेत नाही. पोळ्याला गावातले बैल त्याच्याकडून रंगवून घ्यायला लाइन लागायची असा त्याचा हात. ब्रोशरवर लिहिलं होतं शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स, आम्ही सगळ्यांनी प्लेसमेंट वाचलं, असिस्टन्सकडं कोणी बघितलंच नाही. पास झाल्यावर त्याला एका चांगल्या चित्रकाराकडं पुस्तकांच्या चित्रांचं काम शिकायला मिळत होतं, पैसे सुरुवातीला रिक्षाभाड्यापुरते. नाही गेला. हप्ता सुरू होणार होता. ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांच्या फोटोमागचं बॅकग्राउंड कापायच्या कामाला लागला, दिवसाला दीडशे फोटो, पगार 18 हजार, रूमभाडं त्यातूनच, हप्ता माझा भाऊ कापसाच्या पैशातून भरतो. आता तेच काम एआय दोन सेकंदात करून राहिलंय. साहेब, डॉक्टरकी शिकणारं पोरगं कर्ज काढतं, त्याला पहिल्या पगारापासून फेडता येतं. चित्रवाल्याचं काम उशिरा धरतं, पहिली पाच-सहा वर्षं कोणी विचारत नाही, नेमकी तीच वर्षं बँक हप्त्यात घेऊन टाकते. मग पोरगं जे येईल ते काम घेतं आणि हात तिथंच थांबतो.

आमच्या गावात कोणालाही विचारा, फोटोग्राफर केकी मूस यांचं उदाहरण देतील. स्टेशनजवळचा बंगला, टेबलटॉप फोटोग्राफी म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेले फोटो, जगभरातून आलेली बक्षिसं, वर्षानुवर्षं घराबाहेर पाऊल नाही, पंजाब मेलनं येणाऱ्या मैत्रिणीची वाट बघत राहिल्याची ती गोष्ट. पोरीला मी तिथं तीन वेळा नेलंय. पण कौतुक करताना लोक एक विसरतात, ते इंग्लंडला जाऊन शिकून आले आणि मागं घरचं सोडा-दारूचं दुकान होतं. 1989 ला गेले तोवर त्यांनी मनासारखं काम केलं. त्यांच्या दारात दर पाच तारखेला बँकवाला उभा असता तर लग्नाचेच फोटो काढले असते बहुतेक.

मग आम्ही काय ठरवलं? राज्यात शासकीय आर्ट कॉलेजं तीनच शहरांत, मुंबईत जे. जे., मग नागपूर आणि संभाजीनगर. प्रवेश सीईटीवर, जागा मोजक्या. संभाजीनगर आम्हाला जवळ, कन्नडचा घाट चढून जायचं. ती सीईटीची तयारी करून राहिलीये, नाही लागला नंबर तर एक वर्ष दुकानात बसेल, हात काढायचा सराव करेल, परत देईल. प्रायव्हेटला नाही. यावरून घरात आठ दिवस अबोला होता, आता बोलते, कमी बोलते.

तीन जिल्ह्यांच्या आपल्या खान्देशात एकही शासकीय आर्ट कॉलेज नाही यावर मात्र तुम्ही लिहाच. ग्रिफिथ्स नावाचा जे. जे. चा साहेब 1872 पासून 1885 पर्यंत तिथली पोरं घेऊन अजिंठ्याला चित्रं कॉपी करायला येत होता. म्हणजे शिकायला मुंबईची पोरं इकडं यायची, जळगावपासून साठेक किलोमीटरवर, आणि आमची पोरं दीडशे वर्षांनंतर शिकायला गाव सोडून, कर्ज काढून जातात.

आणि पुढच्या वेळी ते करिअरचं पान काढाल तेव्हा प्रत्येक कोर्सच्या नावाशेजारी चार वर्षांची पूर्ण फी आणि मागच्या बॅचच्या दोन-तीन पोरांचा आजचा पगार छापा. एका पोराचा फोन मी लावून देतो, रविवारी सुट्टी असते त्याला.

आपला,
एक पेंटर, चाळीसगाव