लॉबीतली टच स्क्रीन: पॅनल बदलायचं पास करण्याआधी हे वाचा

अध्यक्ष साहेब, नमस्कार.

व्हिजिटर एंट्रीच्या स्क्रीनसाठी अख्खं पॅनल बदलायचं कोटेशन मीटिंगला येणार असं कळलं, म्हणून आधीच लिहितोय. तक्रार एवढीच, की डावीकडच्या उभ्या पट्ट्यात टच लागत नाही आणि संध्याकाळी आपोआप एंट्र्या पडतात. काच धड आहे, डिस्प्ले चकाचक आहे, मग पॅनल कशाला?

ही स्क्रीन इन्फ्रारेडवाली आहे, मोबाईलसारखी नाही. काचेत सेन्सर नसतोच, कडेच्या काळ्या फ्रेममध्ये दोन बाजूंना बारीक एलईडी आणि समोरच्या दोन बाजूंना रिसिव्हर, मधे न दिसणाऱ्या किरणांची जाळी. बोटाने आडवे उभे किरण अडले की जागा कळते. वॉचमन काका अंगठा रोवून दाबतात त्याने काहीच होत नाही, काचेला टेकायच्या आधीच टच लागलेला असतो!

आता बिघाडाचं. मशीन चालू होताना कंट्रोलर, म्हणजे टच ओळखणारं सर्किट, एकेक किरण तपासतो, आणि जो सुरुवातीपासून अडलेला दिसतो किंवा खूप वेळ अडलेलाच राहतो तो बोट नाही असं धरून हिशोबातून काढतो आणि शेजारच्या किरणांवर भागवतो. बऱ्याच फ्रेममध्ये एका एलईडीचा उजेड समोरच्या अनेक रिसिव्हरना तिरका पण मिळतो, त्यामुळे एखादा गेला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. ओळीने बरेच गेले की मात्र पट्टाच मरतो, म्हणजे तिथे टच लागतच नाही. आपला डावीकडचा उभा पट्टा मेलाय, आणि सगळे डावी कड पुसत बसलेत, पण उभे किरण वरच्या आणि खालच्या फ्रेममध्ये असतात हो! दसऱ्याला स्क्रीनला झेंडूचा हार घातला होता त्याचा चुरा खालच्या खाचेत डाव्या कोपऱ्यात अजून आहे, मी वाकून बघितलंय. तो मऊ कोरड्या फडक्याने काढा आणि मग मशीन बंद करून चालू करा, फक्त तेव्हा रजिस्टर फ्रेमला टेकवून ठेवू नका, नाहीतर तेवढे किरण परत बाद.

संध्याकाळी आपोआप एंट्र्या पडतात तो वेगळा प्रकार. एलईडी बंद असताना जो उजेड येतो तो कंट्रोलर वजा करतो, पण पश्चिमेच्या काचेच्या दारातून थेट ऊन रिसिव्हरवर आलं की रिसिव्हर पार दिपतो, किरण अडल्यासारखा वाटतो आणि खोटे टच लागतात. त्याला स्टँड फिरवणे हाच इलाज, नवीन पॅनलवरही ऊन पडणारच ना.

एवढं करूनही पट्टा मेलेलाच राहिला तर बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात हे एलईडी फिकट जांभळे दिसतात, अंधारात बघायचं, ओळीने काळे दिसले तर एलईडींची आतली पट्टी किंवा वायर गेलीय. तेव्हा व्हेंडरकडून फक्त टच फ्रेमचं वेगळं कोटेशन मागवा, आणि एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) फ्रेमची सफाई येते का तेही विचारा.

रविवारी सकाळी मी खालीच असतो, सेक्रेटरींना चावी घेऊन पाठवा, दोघं मिळून बघू.

आपला,
बी विंगमधला एक सभासद