ग्राहकाशेजारी बसायचे कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘स्टोरीटेलिंग’ शिकवणाऱ्या कार्यशाळांबद्दल आपल्या दैनिकात नुकतेच कौतुकाने लिहून आले. उत्पादन बनवण्याआधी त्याची गोष्ट रचा, ग्राहकाला त्या गोष्टीचा नायक करा, असा त्याचा मथितार्थ. माझी सगळी नोकरी पुण्यात टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालते का ते तपासण्यात गेली, म्हणून हे पत्र. गोष्ट रचण्याला माझी हरकत नाही. पण या कार्यशाळांत ज्या कंपन्यांचे दाखले दिले जातात, त्यांनी गोष्ट लिहिण्याआधी काय केले होते ते सहसा सांगितले जात नाही.

प्रवाशांना लोकांची घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचेच घ्या. संस्थापक ब्रायन चेस्की यांनी २०११-१२ च्या सुमारास डिस्नेच्या स्टोरीबोर्डवरून, म्हणजे सिनेमाचे प्रसंग ओळीने चित्रांत मांडण्याच्या पद्धतीवरून, कल्पना घेतली आणि पिक्सार या अॅनिमेशन कंपनीच्या एका चित्रकाराला बोलावून घरमालक आणि पाहुणा यांच्या प्रवासाची चित्रे भिंतीवर लावली, हे सगळे हौसेने सांगतात. त्या चित्रांमुळे एक गोष्ट लख्ख दिसली, की प्रवासातला बराचसा भाग वेबसाइटच्या बाहेरच घडतो आणि त्या वेळी माणसाच्या हातात मोबाइल असतो. छानच. पण त्याआधीचे २००९ साल पाहा. कंपनीची कमाई आठवड्याला दोनशे डॉलरच्या आसपास अडकली होती. नव्या कंपन्यांना भांडवल आणि सल्ला देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरच्या पॉल ग्रॅहम यांनी विचारले, तुमचे ग्राहक कुठे आहेत? न्यूयॉर्कला. मग तुम्ही कॅलिफोर्नियात काय करताय? संस्थापक स्वतः न्यूयॉर्कला गेले, घरोघरी दारे ठोठावली. लोकांनी टाकलेले घरांचे फोटो अंधारे, कसेबसे काढलेले होते, तेव्हा चांगला कॅमेरा मिळवून त्यांनीच ते नव्याने काढले. कमाई लगेच दुप्पट झाली. भिंतीवरची चित्रे त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आली. ज्यांच्या घरात बसून चहा-कॉफी झाली होती, त्यांचीच ती चित्रे होती.

इंट्यूट या कंपनीचा दाखला याहून जुना आणि माझ्या मते जास्त शिकवणारा आहे. १९८३ मध्ये स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी ती काढली. घरातली बिले भरताना कुक यांच्या पत्नीची होणारी चिडचिड हे निमित्त. कुक हे प्रॉक्टर अँड गॅम्बलमधून आलेले, म्हणजे साबण विकणाऱ्या जगातले. घरखर्चाचा हिशेब ठेवणारे ‘क्विकन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणण्याआधी त्यांनी संगणक न हाताळलेल्या स्थानिक महिलांना बोलावले, समोर संगणक ठेवला आणि हातात स्टॉपवॉच घेऊन मागे उभे राहिले. कुठे अडते, किती वेळ अडते, ते टिपत गेले. पुढे तर कंपनीची माणसे दुकानात थांबू लागली. कोणी क्विकनचा खोका विकत घेतला की विचारायचे, तुमच्याबरोबर घरी येऊ का? घरी जाऊन मदत करायची नाही, सुचवायचे नाही, नुसते बघायचे. टेस्टर म्हणून सांगतो, माणूस चुकीचे बटण दाबायला निघालेला दिसत असताना गप्प बसणे यासारखी कठीण गोष्ट नाही.

त्या बघण्यातून आणि विचारपुशीतून काय हाती लागले? घरखर्चासाठी केलेले हे सॉफ्टवेअर बरेच लोक छोट्या धंद्याचा हिशेब ठेवायला वापरत होते. कंपनीला आधी ते खरेच वाटेना. धंद्यासाठी तर बाजारात चांगली हिशेबाची सॉफ्टवेअर होतीच. पण त्यांच्यासाठी नावे-जमा, जर्नल, लेजर कळावे लागे आणि छोट्या दुकानदाराला ते कळत नव्हते, शिकायचेही नव्हते. त्यातून १९९२ मध्ये ‘क्विकबुक्स’ आले. ही गोष्ट कोणत्याही कार्यशाळेत बसून सुचली नसती, कारण तिचा नायक कंपनीने आखलेल्या नकाशातच नव्हता.

आता आपल्याकडे या. आमच्या कामातही ‘युजर स्टोरी’, म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडून लिहिलेल्या छोट्या मागण्या होत्या, रोज होत्या. या पद्धतीचा उगम १९९० च्या दशकात क्रायस्लर मोटार कंपनीच्या पगारपत्रकांच्या प्रकल्पात आहे. केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहकाचा माणूस प्रोग्रामरांच्या खोलीतच बसवला आणि त्याची प्रत्येक मागणी एका लहान कार्डावर लिहायला सुरुवात केली. कार्डावर दोनच ओळी, कारण बाकीचे समोरासमोर बोलून ठरवायचे. तो प्रकल्प २००० मध्ये गुंडाळला गेला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेजारी बसणारा ग्राहक आणि पैसे मोजणारे व्यवस्थापन यांना हवे ते वेगवेगळे होते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. म्हणजे ग्राहक जवळ असला की सगळे सुटते असेही नाही.

पण आपण त्या पद्धतीतली माणसे वगळली आणि कार्ड तेवढे ठेवले. मी ज्या प्रकल्पावर होतो तिथे एक स्टोरी अशी होती: ‘परिचारिका म्हणून मला रुग्णाची सर्व औषधे एका स्क्रीनवर दिसावीत, म्हणजे माझा वेळ वाचेल.’ ही परिचारिका आमच्यापैकी कोणीही पाहिलेली नव्हती. रुग्णालय अमेरिकेत. तिथल्या व्यवस्थापकाने क्लायंटच्या आयटी विभागाला सांगितले, त्यांनी आमच्या ऑनसाइट कोऑर्डिनेटरला, त्याने पुण्यातल्या बिझनेस अॅनालिस्टला, तिने तिकीट, म्हणजे आमच्यासाठी कामाची नोंद लिहिली. ती परिचारिका उभ्याने टाइप करते का, हातात मोजे असतात का, स्क्रीन तिच्याकडे असतो की रुग्णाच्या नातेवाइकांकडे वळलेला, यातले काही तिकिटात नव्हते. मी तपासले ते एवढेच, की औषधे एका स्क्रीनवर दिसतात का. दिसत होती. तिकीट बंद झाले.

यावर उत्तर ठरलेले असते: क्लायंट परदेशात, करार गोपनीय, व्हिसा मिळत नाही. असेल. पण औषधांचा तक्ता भरणारी परिचारिका पुण्यातल्या रुग्णालयातही आहे आणि तिची घाई काही वेगळी नाही. तिच्याशेजारी एक पाळी बसून येण्याला कोणता करार आडवा येतो?

जवळ राहून काय होते ते आपल्या देशात, आपल्या शहरातही घडले आहे. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब नीट ठेवणारे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा मुलगा भरत याने ते लिहिले. ग्राहक आणि प्रोग्रामर एकाच घरात! १९८६ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या त्या कंपनीचे ‘टॅली’ आज कोणत्याही तालुक्याच्या गावी अकाउंटंटच्या बोटांत भिनलेले आहे. पेमेंटला एफ-५, रिसीटला एफ-६, सेल्सला एफ-८. माउसला हात न लावता गठ्ठाभर व्हाउचर खाली उतरतात. इंट्यूटने मात्र २०२३ मध्ये भारतातली क्विकबुक्सची सेवा बंद केली. कारणे अनेक असतील, पण अमेरिकेत ग्राहकाच्या घरी जाऊन घडवलेल्या मालाला अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) कर सल्लागाराचे घर आपोआप सापडत नाही, असे माझे मत.

आणि व्हायरस काढणारे पुण्याचे सॉफ्टवेअर क्विक हील? कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि नंतर संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडत, म्हणून संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय याने ते काढून टाकणारे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यांना बाजार-संशोधन करावे लागले नाही. तक्रार घेऊन ग्राहक रोज दुकानात येतच होता.

अॅमेझॉनच्या पद्धतीची आपल्याकडे फार नक्कल होते, म्हणून थोडेसे. २००४ मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. त्याऐवजी सहा पानी टिपण लिहायचे आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते मुकाट्याने वाचायचे. नवे उत्पादन असेल तर ते बाजारात आल्याची बातमी, म्हणजे प्रेस रिलीज, ते बनवण्याआधीच लिहायची. शिस्त उत्तम. पण त्याच कंपनीने २०१४ मध्ये त्रिमितीचा भास देणारा फायर फोन काढला आणि काही महिन्यांतच सुमारे १७ कोटी डॉलरचा तोटा खाती मांडला. लेखनाची शिस्त जगात सर्वांत कडक असलेल्या घरात हे झाले.

माझी सूचना कंपन्यांपेक्षा विद्यापीठाला आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तयार विकत मिळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तीच ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ वर्षानुवर्षे फिरते आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने एक अट घालावी. प्रत्येक गटाने एखादी पतसंस्था, दूध संकलन केंद्र, औषधाचे दुकान किंवा रुग्णालयाची नोंदणी खिडकी निवडावी, पहिला महिना तिथे नुसते बसून नोंदी कराव्यात आणि त्या नोंदवहीला गुण असावेत. कोड त्यानंतर. आणि तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षकाने मुलांची स्लाइड उघडण्याआधी त्या दुकानदाराला फोन लावावा आणि विचारावे, पोरांनी करून दिलेले अजून वापरता का?

आपला,
टेस्टिंगमधून निवृत्त झालेला एक वाचक,
कोथरूड, पुणे