'टर्नर जोईये छे': बडोद्याहून एक खुले पत्र

माननीय श्रम, कौशल्य विकास व रोजगार मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सप्रेम नमस्कार.

बडोद्यातल्या मराठी वस्तीच्या दांडिया बाजारात वाढलो, त्यामुळे रागावायचं तर मला मराठीच सुचते. गुजराती प्रत टपालाने पाठवली आहे.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, माझं अकरा माणसांचं मशीन शॉप आहे. फाटकावर 'टर्नर जोईये छे' (लेथ चालवणारा कारागीर पाहिजे) ही पाटी दिवाळीपासून लटकते आहे. आणि घरात मेकॅनिकल डिप्लोमा झालेला माझा भाचा तलाटी-क्लार्कच्या परीक्षांची तयारी करत बसला आहे. शॉपवर ये म्हटलं, तर म्हणाला, "मामा, तुम्ही देणार चौदा हजार. आणि ऑर्डरी थांबल्या की?" मी गप्प बसलो. गेल्या मंदीत दोघांना मीच घरी पाठवलं होतं, हे त्याला ठाऊक आहे.

तरुणांनी सरकारी नोकरीचा मोह सोडावा, असं व्यासपीठावरून सांगतात. मोह कसला, साहेब? २९ जानेवारी २०२३ला ज्युनिअर क्लार्कची परीक्षा होती. जागा ११८१, उमेदवार साडेनऊ लाखांवर. पेपर फुटला आणि त्याच सकाळी परीक्षा रद्द झाली. भाचा एसटीत होता, अर्ध्या वाटेवरून परतला. संध्याकाळी पुन्हा तेच पुस्तक उघडलं. एवढं होऊनही त्याला माझ्या लेथपेक्षा ती परीक्षाच भरवशाची वाटते. खोट त्याच्या डोक्यात नाही, आम्ही देतो त्या नोकरीत आहे.

या गावाला हातकामाचं वावडं कधी नव्हतं. १८९०मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, प्रा. गज्जरांच्या हाती सोपवली. माझे आजोबा तिथे यंत्रकाम शिकले. गल्लीत त्यांना कुणी मिस्त्री म्हणत नसे, 'मास्तर' म्हणत. (माझ्या टर्नरला पोरं 'ए भाई' म्हणतात. मीही म्हणतो.)

आता मुद्द्याचं. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आमच्यासारख्यांना ते ऐच्छिक आहे. पण मी पाहिलंय काय, तर वर्ष संपलं की पोराच्या हाती प्रमाणपत्र आणि त्याच मशीनवर नवा शिकाऊ. तेव्हा किती शिकाऊ घेतले याबरोबर किती कायम केले, हाही आकडा कारखान्याचं नाव घालून दरवर्षी छापा. भरती मेळ्यात जे पत्र देता, त्यावर मालक कंपनी की कॉन्ट्रॅक्टर आणि नोकरी किती महिन्यांची, हे मोठ्या अक्षरांत असू द्या. आणि माझ्यासारख्याने दोन पोरं शिकवायची, तर ज्या तासांत माझा कारागीर मशीन सोडून त्यांच्यापाशी उभा राहील, त्या तासांचा पगार सरकारने उचलावा. नाहीतर डिलिव्हरीची तारीख चुकते आणि शिकवणं राहून जातं. माझ्याकडे दोनदा राहिलं.

भाच्याने पुढल्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. फी मीच दिली.

आपला,
मकरपुऱ्यातला एक छोटा कारखानदार, बडोदे